मेसरश्मिट 109 ची 1/48 किट: चाकांच्या पायांपाशी घाई करू नका

बीएफ 109 ई-3, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, त्याच्या मॉडेलची ही किट (1/48, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढी) दोन महिने रोज रात्री तासभर बसून पूर्ण केली, आणि घेण्याआधी मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा जाणवतं ते हे की विमान खूप छोटं आहे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम साडेवीस सेंटीमीटर, कारण मूळ विमानच 9.87 मीटरचं. विमानाचा डिझायनर विली मेसरश्मिटचा हिशोब सरळ होता, मिळेल ते सगळ्यात ताकदवान इंजिन घ्यायचं आणि त्याभोवती जमेल तेवढं लहान, हलकं विमान बांधायचं. कॉकपिटचे भाग जोडताना ते हाताला कळतं, सीट बसली की दोन्ही बाजूंना जागाच उरत नाही, खरा पायलट तिथे खांदे आवळूनच बसत असणार.

इंजिन या किटमधलं सगळ्यात सुंदर काम. डीबी 601 उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर, त्यामुळे एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या बाजूला येतात. ब्रिटिश स्पिटफायर विमानाचं मॉडेल केलेलं असेल तर सवयीने वर लावायला जाल, सांभाळा. याच इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये इंजेक्ट व्हायचं, म्हणून 1940 मध्ये 109 चा पायलट नाक एकदम खाली दाबून निसटायचा आणि मागच्या स्पिटफायरचं कार्बोरेटरवालं मर्लिन इंजिन तेवढ्यात गचके खायचं.

आता पाय. खऱ्या विमानात ते पंखांना नाही तर धडाला जोडलेले, म्हणजे पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभं, दुरुस्तीला आणि रेल्वेने न्यायला एकदम सोयीचं. पण त्यामुळे चाकं जवळजवळ आली, पाय बाहेर फाकले, टेकऑफला विमान डावीकडे ओढायचं आणि कित्येक विमानं शत्रूच्या गोळीने नाही तर धावपट्टीवरच मोडली. किटमध्ये नेमक्या याच जागी खाचा सैल आहेत, पाय लावले की दोन्ही वेगवेगळ्या कोनात कलतात. मी पुठ्ठ्याचा साचा कापून त्यात विमान रात्रभर उलटं ठेवलं तेव्हा कुठे सरळ झालं. एवढ्या पैशात हे व्हायला नको होतं.

डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) पातळ, पाण्यात वीस सेकंद बास. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, स्वच्छ आहे, उघडी लावणार असाल तर उजवीकडेच कलंडवा, मागे सरकणारी नाही ती.

एका गोष्टीचा मात्र खरंच राग आला. माहितीपत्रकात वेग आहे, ताशी साधारण 570 किलोमीटर, सगळी मॉडेल्स मिळून तेहतीस हजारांवर विमानं बनली तेही आहे, पण युद्धाच्या उत्तरार्धात नाझींच्या फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून याच जातीच्या विमानांचे भाग बनवून घेतले त्यावर एक ओळ नाही. मुलांच्या हातात जाणारी वस्तू आहे, हे लिहायलाच हवं होतं.

पहिलीच किट करत असाल तर ही नको. दोन-तीन झाल्या असतील तर जरूर घ्या, फक्त पुठ्ठ्याचा साचा आधी कापून ठेवा, मापं हवी असतील तर विचारा, देतो.