क्वाड की मार्टिनलोगन? कोल्हापूरच्या घरासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर निवडताना

अल्लादियाँ खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात मानाचं स्थान दिलं ते हे गाव. जयपूर-अत्रौली घराण्याची जुनी ध्वनिमुद्रणं जीवापाड जपणारी माणसं इथे आजही भेटतात आणि त्यातल्या कुणाच्या हातात थोडे पैसे आले की प्रश्न ठरलेला असतो: इलेक्ट्रोस्टॅटिक घ्यायचेच, तर सगळा आवाज पातळ पडद्याच्या पॅनेलमधूनच देणारे क्वाड घ्यावेत की खर्जासाठी साधा वूफर जोडलेले मार्टिनलोगन? माझं मत आधीच सांगून टाकतो. कोल्हापुरात हा निर्णय ब्रँडवर कमी आणि तुमच्या खोलीवर व पावसाळ्यावर जास्त अवलंबून आहे.

तत्त्व दोघांचं एकच. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. त्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर भार दिलेला असतो, म्हणून प्रत्येक स्पीकरला भिंतीतला प्लग लागतो. गाण्याचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून वाढवून बाहेरच्या पत्र्यांना दिला की पडदा पुढे-मागे ओढला जातो. पडद्याला जवळजवळ वजनच नसल्यामुळे तो सूर सुरू होताच हलतो आणि सूर थांबताच थांबतो. तानपुऱ्याची जवारी, किशोरीताई आमोणकरांच्या हातातलं स्वरमंडल, मल्लिकार्जुन मन्सूरांनी दोन शब्दांच्या मध्ये घेतलेला श्वास हे सगळं त्यामुळे सुटं आणि स्वच्छ ऐकू येतं. चांगल्या डब्याच्या स्पीकरमध्येही हे ऐकू येतं, पण लाकडी डब्याचा स्वतःचा आवाज त्यात थोडा मिसळलेला असतो. इथे डबाच नाही.

क्वाडची परंपरा जुनी आहे. पीटर वॉकर यांनी इंग्लंडमधल्या हंटिंग्डनला बनवलेला पहिला स्पीकर 1957 साली बाजारात आला. त्यानंतरचा ईएसएल-63 विक्रीला यायला 1981 उजाडलं. त्यात पत्रे एकात एक अशा वर्तुळाकार कड्यांमध्ये विभागले आहेत आणि सिग्नल मधल्या कड्यापासून बाहेरच्या कड्यांकडे किंचित उशिराने पोचतो. परिणामी आवाज पॅनेलच्या साधारण फूटभर मागच्या एका बिंदूतून निघाल्यासारखा वाटतो. नंतरच्या 2812 आणि 2912 या मॉडेलांतही हीच रचना आहे; 2912 उंच आहे आणि त्यात खर्जासाठी दोन पॅनेल जास्त आहेत. खर्जापासून तारसप्तकापर्यंत सगळं एकाच जातीच्या पडद्यातून येतं, म्हणून गळा कुठेही दुभंगत नाही. मंद्रातून तारात जाणारी तान ऐकताना हे सर्वात जास्त जाणवतं आणि माझ्या मते क्वाडसाठी पैसे मोजायचे ते याचसाठी.

कमतरता खर्जाच्या जोरात आणि एकूण आवाजाच्या मर्यादेत आहे. हलगीच्या ठोक्याची धार क्वाड जशीच्या तशी देतो, पण खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात ती छातीवर आदळते तशी मात्र घरात आदळणार नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीची सवय झालेल्या कानाला हा स्पीकर सुरुवातीला अशक्त वाटतो.

मार्टिनलोगन अमेरिकेतल्या कॅन्सासचे. त्यांचं पॅनेल आडव्या दिशेने वक्र असतं, म्हणून सपाट पॅनेलपेक्षा बसायची जागा थोडी रुंद मिळते. ईएसएल 9 सारख्या मॉडेलमध्ये पॅनेलखाली वूफरचा डबा असतो आणि साधारण 300 ते 400 हर्ट्झच्या खालचं काम तो करतो. इम्प्रेशन 11ए आणि त्यावरच्या मॉडेलांत वूफरला स्वतःचा अँप (अँप्लिफायर) असतो आणि खोलीप्रमाणे खर्ज सुधारून घेण्याची सोयही असते. ही सोय महत्त्वाची आहे, कारण आपल्या फरशीच्या, विटा-सिमेंटच्या खोल्यांत खर्ज घुमतो.

पण 300 हर्ट्झ म्हणजे पुरुषी आवाजाच्या भर मध्यावरची जागा. भारदस्त गायकाचे खालचे सूर वूफरमधून आणि वरचे पॅनेलमधून यायला लागले, तर तयार कानाला सांधा कळतो. नव्या मॉडेलांत तो बराच बुजला आहे. पूर्ण गेलेला नाही. याउलट डग्ग्याची घुमक, ढोलकी, चित्रपटसंगीत आणि संध्याकाळी घरच्यांसोबत सिनेमा पाहणं यात मार्टिनलोगन सरळसरळ पुढे आहे.

अँपच्या बाबतीतही दोघांत फरक पडतो. विजेच्या दृष्टीने असं पॅनेल म्हणजे एक कंडेन्सर. आवाज जितका तार, तितका त्याचा इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, खाली येतो. मार्टिनलोगनच्या बऱ्याच मॉडेलांत 20 किलोहर्ट्झला तो एक ओहमच्याही खाली जातो. कमी ओहमला न डगमगणारा दणकट सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरचा) अँप तिथे हवा. क्वाड त्या मानाने सौम्य आहे. चांगल्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपवरही छान वाजतो. तुमच्याकडे व्हॉल्व्ह अँप असेल आणि तो बदलायचा नसेल, तर पारडं इथेच क्वाडकडे झुकतं.

आता खोली. हे स्पीकर पुढे जितका आवाज टाकतात, तितकाच मागेही टाकतात. बाजूला मात्र फारच कमी. त्यामुळे मागच्या भिंतीपासून किमान तीन फूट मोकळी जागा हवीच, चार-पाच मिळाली तर उत्तम. कोपऱ्यात सोफ्याच्या कडेला ढकलून ठेवायचे असतील तर घेऊ नका, इतकं स्पष्ट सांगतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घरांच्या चिंचोळ्या लांब खोल्या असतात, त्या यांना अनपेक्षितपणे मानवतात, कारण बाजूच्या भिंती जवळ असल्या तरी तिकडे आवाज फारसा जातच नाही. नव्या फ्लॅटमधला आडवा, उथळ हॉल जास्त अडचणीचा. मागे काचेचं शोकेस असेल तर ते हलवा. पुस्तकांचं कपाट चालेल.

जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ. दमट हवेत पडद्यावरचा भार गळतो, आवाज मंदावतो, पॅनेलमधून चरचर किंवा टिकटिक येऊ लागते. त्यात धूळ बसलेली असेल तर ठिणगी पडून पडदा जळू शकतो. जुलैत कोल्हापुरात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेव्हा त्या हवेत उघड्या खिडकीशेजारी हजारो व्होल्टचं पॅनेल ठेवणं धोक्याचंच. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर लावून खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवता येत असेल तरच पुढे जा आणि त्याचा खर्च स्पीकरच्या किमतीतच धरा. भारित पडदा धूळ आणि धूर ओढून घेतो. म्हणून देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती-धूप दुसरीकडे हलवावा लागेल. घरातल्या मोठ्यांशी हे आधीच बोलून घ्या. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडू लागल्या की प्लग काढायचे. आणि 2019 व 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं, तिथे तळमजल्यावर ही जोडी लावूच नये. ऐनवेळी माळ्यावर टाकण्याइतके हे स्पीकर हलके नाहीत.

या बाबतीत मार्टिनलोगनची एक गोष्ट मला आवडते. सिग्नल थांबला की थोड्या वेळाने पॅनेलचा भार आपोआप बंद होतो, म्हणून धूळ कमी बसते. शिवाय रात्रभर प्लग काढून ठेवून व्हॅक्यूम क्लीनरने पॅनेल घरीच साफ करता येतं. क्वाडचं पॅनेल जाळी आणि पातळ संरक्षक पडद्यांच्या आत असतं, त्यामुळे आतलं काम जाणकारानेच करायचं.

आर्द्रता सांभाळणं जमणार नसेल, तर मॅग्नेपॅन पाहा. तोही पातळ पडद्याचाच, पण चुंबकांवर चालणारा; भार नाही, हजारो व्होल्ट नाहीत, प्लगही नाही. आवाजाची बारकाई थोडी कमी, तरी मोकळेपणा त्याच घराण्याचा. अँप दणकट लागतो, मागे तीच जागा लागते, आणि थेट ऊन चालत नाही.

रात्री दार लावून, एका खुर्चीत बसून ख्याल ऐकणाऱ्याने क्वाड 2812 घ्यावा. खोली मोठी असेल तर 2912. ज्या घरात चार जणांची आवड चार प्रकारची आहे, तिथे इम्प्रेशन 11ए. ऐकायला मुंबई-पुण्याला जाल तेव्हा स्वतःच्या रेकॉर्ड सोबत न्या आणि त्यात एक तरी भारदस्त पुरुषी आवाज असू द्या, म्हणजे सांध्याचा निकाल तुमच्याच कानांनी लागेल.

जुनी जोडी स्वस्तात मिळत असेल तर ती पावसाळ्यातच ऐका. प्लग लावून तासभर वाजू द्या. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आहे का, टिकटिक येते का ते पाहा. पॅनेल बदलावं लागलं तर ते कुठून येणार, किती दिवसांत आणि कितीला, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर एका पॅनेलची किंमत सौद्यातून कमी करून मागा.