एम.एस्सी. प्रोजेक्टला एंटँगलमेंट घ्यावं की नॉनलोकॅलिटी?

नाशिकमध्ये एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला क्वांटम इन्फर्मेशन घ्यायचं म्हणणाऱ्यांची गाडी बऱ्याचदा एकाच ठिकाणी अडते. रिसोर्स, म्हणजे एरवी न जमणारं काम करून देणारं साधन, म्हणून एंटँगलमेंटवर काम करायचं की नॉनलोकॅलिटीवर? एंटँगलमेंट म्हणजे दोन कणांची सुटी-सुटी मांडता न येणारी एकत्र अवस्था, नॉनलोकॅलिटी म्हणजे नुसतं आधी ठरवून साधता न येणारा उत्तरांमधला मेळ. मी यातली एक वाट धरली आणि प्रोजेक्ट पूर्ण केला, त्यामुळे अगदी तटस्थ आहे असं म्हणत नाही. क्यूबिट, डेन्सिटी मॅट्रिक्स, बेलची असमानता एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

एंटँगलमेंटची वाट मळलेली आहे आणि हा काही छोटा फायदा नव्हे. दोन क्यूबिट असतील तर पेरेस-होरोडेकी कसोटी (१९९६) 'आहे की नाही' ते सांगते, वूटर्सचं १९९८ चं सूत्र 'किती' ते सांगतं. कोणत्या शुद्ध अवस्थेतून कोणती मिळवता येईल, हा प्रश्न नील्सनने १९९९ मध्येच निकालात काढला. टेलिपोर्टेशन दाखवलं की तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सरही खूश. गाइड मिळणं सोपं, वाचायला साहित्य भरपूर.

नॉनलोकॅलिटीत फुकट काय आणि महाग काय, याचा हिशेबच वेगळा. एंटँगलमेंटमध्ये दोघांनी आपापल्या जागी काहीही करावं, एकमेकांना हवे तितके फोन करावेत, सगळं फुकट. इथे आधी बसून काय ते ठरवून घ्या, पण प्रश्न हातात पडला की फोन बंद. एक खेळाडू पंचवटीत, दुसरा सातपूरला. प्रत्येकाला ० किंवा १ असा प्रश्न येतो, प्रत्येकाने ० किंवा १ असं उत्तर द्यायचं. दोघांनाही १ आला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. ढोबळमानाने प्रकाशाला तेवढं अंतर कापायला पंचवीस-तीस मायक्रोसेकंद लागतात. त्याच्या आत दोन्ही उत्तरं नोंदवली गेली, तर फोन केला असेल ही शंकाच उरत नाही. कितीही हुशारीने ठरवलं तरी सरासरी ७५ टक्क्यांच्या वर जिंकता येत नाही. एंटँगल्ड जोडी वापरली तर सुमारे ८५.४ टक्के. हा वरचा फरक म्हणजेच रिसोर्स.

आता ज्या एका कटकटीपायी माझं ठरलं, ती सांगतो. सुरुवातीला माझा कल एंटँगलमेंटकडेच होता. क्लाउडवरच्या क्वांटम कॉम्प्युटरवर जोडी तयार करायची, झेड आणि एक्स दिशांना मोजायची आणि दोन्ही कोरिलेशनची बेरीज घ्यायची, असा बेत. एंटँगलमेंट नसलेल्या दोन क्यूबिटांची बेरीज १ च्या पुढे जात नाही, आदर्श जोडीची २ येते. सरावाच्या सादरीकरणात एका ज्येष्ठ सरांनी खिशातून दोन कोरे कागद काढले. "समजा दोघांकडे आधीपासून सारख्याच दोन-दोन चिठ्ठ्या आहेत. झेड विचारलं की पहिली वाचायची, एक्स विचारलं की दुसरी. सांग बेरीज?" बेरीज २, चोख. मग ते म्हणाले, "आणि हे एंटँगल्ड आहे का?"

अर्थात सिद्धान्त काही कोसळला नाही. मोजतोय तो क्यूबिटच आहे आणि मोजमापाच्या दिशा आपण म्हणतो त्याच आहेत, हे मान्य केलं की विटनेस, म्हणजे ही बेरजेची कसोटी, बरोबरच बोलतो. पण ते मान्य करायचं कशाच्या जोरावर? कॉलेज रोडवर बसून त्या लांबच्या यंत्राचं झाकण कोण उघडणार? उपकरण विश्वासू आहे हे पटवण्यातच माझा अर्धा प्रबंध जाणार होता आणि तेही कंपनीने दिलेल्या आकड्यांवर विसंबून. मला ते जड गेलं. तुम्हाला कदाचित जाणार नाही.

वरच्या खेळामागची बेलची असमानता म्हणजे सीएचएसएच. तिच्यात आत क्यूबिट आहे की कागद, हे विचारावंच लागत नाही. प्रश्न-उत्तरांचा तक्ता भरा, एस काढा (चारही प्रश्नजोड्यांच्या कोरिलेशनची बेरीज, फक्त १-१ च्या जोडीचं उणे धरून). चिठ्ठ्यांनी २ च्या वर जाता येत नाही, क्वांटमने २.८२८ पर्यंत जाता येतं. त्याच यंत्रावर माझा एस २ च्या आरामात वर गेला. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे दोन्ही क्यूबिट एकाच चिपवर असतात, त्यामुळे 'फोन बंद' ही अट पाळली गेली असं म्हणता येत नाही. हे प्रबंधात स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतील. २०२३ मध्ये झुरिकच्या गटाने तशाच प्रकारची सर्किटं ३० मीटर लांब ठेवून ही पळवाट बंद केली.

नॉनलोकॅलिटीचे त्रास आहेतच. सगळ्या एंटँगल्ड अवस्था तिच्या कामाच्या नसतात. वर्नरने १९८९ मध्येच हे दाखवलं. दोन क्यूबिटांची वर्नर अवस्था म्हणजे आदर्श एंटँगल्ड जोडी आणि निव्वळ गोंगाट यांचं मिश्रण. त्यात जोडीचा वाटा एक तृतीयांशच्या वर गेला की ती एंटँगल्ड होते, पण सीएचएसएच मोडायला तो ०.७०७ च्या वर जावा लागतो. मधल्या पट्ट्यातला माल एका दुकानात खपतो, दुसऱ्यात नाही. प्रयोगाचा वेग तर विचारूच नका. डेल्फ्टच्या २०१५ च्या प्रयोगात १.३ किलोमीटर अंतरावर एकूण २४५ नोंदी मिळाल्या आणि एस आला २.४२. ऑक्सफर्डने २०२२ मध्ये उपकरणांवर भरवसा न ठेवता गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करायची बिटांची ओळ) तयार केली, तेव्हा अंतर होतं २ मीटर आणि आठ तासांत हाती आले ९५,६२८ बिट. म्हणजे उद्या बाजारात येईल अशी वस्तू नव्हे.

तरी नाशिकहून, साध्या लॅपटॉपवर, मूळ प्रश्नापर्यंत पोचता येतं ते इथेच, असं मला वाटतं. पुढे वाव हवा असेल तर तोही आहे. सिग्नल न पाठवता एस ४ पर्यंत नेणारी पोपेस्कू-रोरलिखची काल्पनिक पेटी (१९९४) निसर्गात का नसावी, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

गाइड एंटँगलमेंटवालेच असतील तर त्यांच्याशी उगाच हुज्जत घालू नका, एक प्रकरण सीएचएसएचवर मागून घ्या. विषय नोंदवण्याआधी मात्र एक काम करा. वर सांगितलेल्या खेळात प्रत्येक खेळाडूचे चार डावपेच, दोघांचे मिळून सोळा. ते सगळे वहीत मांडा आणि प्रत्येकापुढे चारपैकी किती वेळा जिंकतो ते लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यात मजा आली नाही, तर बिनधास्त एंटँगलमेंट घ्या.