गिरणीवाल्या कर्जबाजारी पूर्वजाच्या शोधात ‘लंडन गॅझेट’ कितपत उपयोगी?

इंग्लंडमध्ये पाणचक्की किंवा पवनचक्की चालवणारा आपला पूर्वज कर्जात बुडाला होता, एवढीच माहिती ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ‘लंडन गॅझेट’च्या ऑनलाइन संग्रहापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. १६६५ पासून निघणाऱ्या या राजपत्राची जुनी पाने विनामूल्य वाचता येतात, आणि दिवाळखोरीच्या सूचना त्यात नियमितपणे छापल्या जात असल्यामुळे धनकोंच्या सभेपासून लाभांशाच्या (दिवाळखोराच्या मालमत्तेतून धनकोंना मिळणाऱ्या हिश्श्याच्या) वाटपापर्यंत एकाच प्रकरणाचा पाठपुरावा करता येतो.

मात्र पूर्वज कोणत्या वर्गात मोडत होता, याचा अंदाज आधी बांधलेला बरा. १८६१ च्या कायद्यापूर्वी दिवाळखोर म्हणून जाहीर होण्याची सोय फक्त व्यापाऱ्यांना होती. धान्य स्वतः विकत घेऊन पीठ विकणारा गिरणीवाला व्यापारी ठरत असे. केवळ मजुरी घेऊन दुसऱ्याचे धान्य दळून देणारा सहसा त्यात बसत नसे, तो नादार ऋणको म्हणून तुरुंगात जाऊन पडे. (कर्जापायी होणारी ही कैद १८६९ च्या कायद्याने बरीचशी संपली.) वंशावळीच्या अभ्यासकाला खरा लाभ होतो तो या नादारांच्या सूचनांमधून, कारण त्यांत माणसाचे आधीचे पत्ते आणि धंदे ओळीने दिलेले असतात. अमुक गावचा गिरणीवाला पुढे दुसऱ्या गावी पाववाला झाला आणि शेवटी बेरोजगार राहिला, असा अनेक वर्षांचा प्रवास एका लांबलचक वाक्यात हाती लागू शकतो. जनगणनेच्या नोंदी दहा वर्षांतून एकदाच होत असल्याने मधली अशी स्थलांतरे त्यांतून निसटतात.

शोधयंत्राकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. जुन्या छपाईतील लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो आणि पुसट अक्षरांमुळे आडनावांचीही मोडतोड होते. म्हणून नावापेक्षा गाव, धंदा आणि वर्षांचा टप्पा देऊन शोधणे, आणि मजकुरावर विसंबून न राहता पानाचे चित्र उघडून पाहणे अधिक फलदायी ठरते.

कर्ज का झाले, हे सूचनेवरून क्वचितच कळते. १८७० च्या दशकानंतरची सूचना असेल, तर जात्यांऐवजी पोलादी रोलरांनी दळणाऱ्या मोठ्या गिरण्या आणि अमेरिकेतून येणारा स्वस्त गहू यांनी ग्रामीण गिरण्यांची केलेली कोंडी ध्यानात ठेवावी. पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात दिवाळखोरीच्या मूळ फायली आहेत, परंतु त्यांपैकी थोड्याच टिकल्या आहेत. फाईल नसल्यास त्याच सुमाराची स्थानिक वृत्तपत्रे चाळावीत: गिरणी विक्रीस काढल्याच्या जाहिरातीत जात्यांच्या जोड्या किती, पाण्याचा जोर कसा आणि सोबत जमीन किती, हे बहुधा सविस्तर दिलेले असते.