ज्वेल की सेंट्रल पार्क? सोबत आई आणि लेक असेल तर

नवी मुंबईतल्या फिरायला जायच्या या दोन जागा, बेलापूरकरांना दोन्ही सोयीच्याच. लोकलने एक स्टेशन, सीवूड्सला उतरून रिक्षा केली की ज्वेल ऑफ नवी मुंबई. नोव्हेंबर 2023 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि खारघरचं सेंट्रल पार्कही हाताशी आलं.

नुसतं झपाझप चालायचं असेल तर ज्वेलला तोड नाही, असं मला वाटतं. सपाट वाट, खाडीवरचा वारा, पाण्यावर बगळे. ते पाणी शोभेचं नाही, हे कळल्यावर मला ती जागा जास्तच आवडायला लागली. भर पावसात भरती आली की शहरातलं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते या धारण तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर सोडलं जातं.

माझं अडलं ते मात्र या तळ्यापाशीच. वाट त्याच्या भोवतीने जाते. निम्म्यावर आईचे गुडघे दुखायला लागले की पुढे जा नाहीतर मागे फिरा, अंतर तेवढंच. मधून जायचं तर पाणी. आई बाकावर टेकते, "तुम्ही या जाऊन" म्हणते. लेकीला घेऊन पुढे गेलो की माझा सगळा जीव मागे. थांबलो तर लेक कंटाळून हात ओढते. दर वेळी कुणातरी एकाचं फिरणं राहून जायचं, आणि ते बहुतेकदा आईचं असायचं. मला तेच सोसेना.

सेंट्रल पार्कमध्ये हा प्रश्न येत नाही. 2010 साली खुलं झालेल्या या उद्यानाची मूळ आखणीच सुमारे 80 हेक्टरची, त्यामुळे हिरवळ ऐसपैस आहे. आई कडेला बसते, लेक समोर चेंडू खेळते, मी आसपास फेऱ्या मारतो, दोघीही नजरेत. आईला वाटलं तर ती चार पावलं चालते आणि दमली की तिथूनच वळते. पावसाळ्यात खारघरचा डोंगर हिरवागार होतो, तेव्हा तर तिला घरी परत न्यायलाच वेळ लागतो. उन्हाळ्यात मात्र ऊन उतरल्याशिवाय जाऊ नका.

तुमचं घर सीवूड्स-नेरुळला असेल आणि घरातले सगळे चालणारे असतील, तर कदाचित खारघरपर्यंत जायची गरज नाही. एकटा असलो की सकाळी मीही ज्वेललाच जातो. तिघांनी निघायचं असलं की मेट्रो.