बागेतल्या तळ्याचा कागद आणि दोनदा झालेली फसवणूक

गेल्या डिसेंबरात नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील आमच्या घरामागे 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे कमळांचे लहानसे तळे मी करून घेतले. शेततळ्यात वापरतात तोच 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, एचडीपीई (एक प्रकारचे चिवट प्लास्टिक) कागद टाकतो, असे कंत्राटदाराने सांगितले, वीतभर नमुना माझ्या हाती दिला आणि ठरलेल्या 38,000 रुपयांपैकी 25,000 रुपये आगाऊ घेतले. नमुन्याच्या कडेला आयएस 15351 हा मानक क्रमांक छापलेला होता, तो वाचून मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात जो रोल घरी आला तो मी पाहिलाच नाही, कारण त्या दिवशी कामानिमित्त मी सीताबर्डीला गेलो होतो आणि संध्याकाळी परतलो तेव्हा कागद अंथरून, त्यावर गोटे रचून, तळे निम्मे भरूनही झाले होते. एवढी घाई कशासाठी, असे विचारल्यावर तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही यायच्या आत पाणी दिसलं पाहिजे, म्हणून पोरांना लावून धरलं." मला त्याचे कौतुकच वाटले.

मार्चमध्ये पाणी रोज दोन बोटे उतरू लागले. "नागपूरचं ऊन आहे, काकाजी, पाणी उडणारच," हे त्याचे उत्तर आणि आमचे ऊन पाहता ते खोटे वाटत नव्हते. एप्रिलमध्ये मी पुन्हा तगादा लावला तेव्हा तो एक डबा घेऊन आला, कडेचे काही गोटे हलवून त्याने काळे, डांबरासारखे काहीतरी फासले, त्याला 'वॉटरप्रूफ केमिकल' म्हटले आणि 9,500 रुपये घेऊन गेला. आठवडाभरात पाण्यावर तेलकट तवंग आला, डासांसाठी सोडलेले गप्पी मासे निम्म्याहून अधिक मेले आणि गळती होती तशीच राहिली.

ऊन आणि गळती यांचा निवाडा करायला एक बादली पुरते, हे मला फार उशिरा कळले. बादली पाण्याने भरून तळ्यातल्याच पायरीवर अशी ठेवायची की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील, दोन्हीकडे खूण करायची आणि 24 तासांनी पाहायचे, कारण ऊन दोन्ही पाण्यांना सारखेच लागते. आमच्या बादलीतले पाणी 8 मिलिमीटर उतरले होते आणि तळ्यातले 5 सेंटीमीटर. त्या फरकाचा हिशेब दिवसाला सुमारे 230 लिटर होतो. म्हणजे पेंच धरणाहून येणारे पिण्याचे पाणी मी रोज जमिनीत ओतत होतो. त्यानंतर मी नळ बंद ठेवून पाणी किती खाली जाऊन थांबते हे पाहिले. ते तळापासून 14 इंचांवर थांबले, याचा अर्थ भोक त्याच उंचीवर होते.

काटोलला संत्र्याची बाग करणारे माझे साडूभाऊ त्या रविवारी आले होते. त्यांच्या शेततळ्याचा कागद त्यांनी स्वतः उभे राहून जोडून घेतला आहे. त्यांनी गोटे बाजूला सारले, कड दोन बोटांत धरून चुरगाळली आणि म्हणाले, "अहो, ही तर पन्नी आहे, साधं पातळ प्लास्टिक!" बरोबर 14 इंचांवर कागदाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून चिकटपट्टीने जोडलेले होते, त्यावर ते काळे केमिकल पापडासारखे सुटले होते आणि नखाने उचलताच संपूर्ण पट्टी हातात आली. एचडीपीईला बाजारातला साधा गोंद किंवा सोल्युशन टिकाऊ धरत नाही. त्याचा सांधा यंत्राने उष्णता देऊन वितळवूनच जोडावा लागतो. डबा आणि ब्रश घेऊन असा सांधा दुरुस्त करायला येणारा माणूस अडाणी तरी असतो किंवा लबाड. आमचा कोणता होता, याविषयी मला आता शंका नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीतील एका ओळखीच्या लेथवाल्याकडे नमुना आणि तळ्यातला तुकडा दोन्ही मोजले, तेव्हा मायक्रोमीटरवर नमुना 0.50 मिलिमीटर भरला आणि तुकडा 0.15.

पन्नीखाली वाळूही नव्हती. आमच्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट अंथरलेला पातळ कागद मुरमाच्या खड्यांवर घासून फाटणारच. चार महिने पाणी मुरल्याने कुंपणालगतची फरशीही एका बाजूने उचलली गेली आहे.

मेअखेर, पावसाच्या आधी, सर्व काम नव्याने केले. खडे आणि मुळे वेचून तळाला चाळलेल्या कन्हानच्या वाळूचा दोन इंचांचा थर दिला, त्यावर जिओटेक्स्टाइल (कागदाला खडे टोचू नयेत म्हणून घालायचे जाड कापड) आणि मग सांधा नसलेला एकच कागद अंथरला. त्याचे माप काढण्यासाठी लांबी आणि रुंदी या दोन्हींत खोलीची दुप्पट मिळवायची आणि कड चरात पुरण्यासाठी प्रत्येक बाजूला एक फूट धरायचे. आमचा कागद 17 बाय 13 फूट लागला. काळा कागद उन्हात पसरतो आणि रात्री आकसतो, म्हणून तो सकाळीच, ताण न देता, सैल अंथरला. या वेळी मायक्रोमीटर माझ्या खिशात होता आणि पाणी भरून पातळी दोन दिवस बादलीतल्या पाण्याइतकीच उतरते हे पाहीपर्यंत एकही गोटा मी ठेवू दिला नाही.

त्याच्या बिलावर फक्त 'तळ्याचे काम, माल-मजुरीसह' एवढेच आहे, मायक्रॉनचा उल्लेखही नाही. सुदैवाने '500 मायक्रॉन टाकतो' हा त्याचा व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे शिल्लक होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून लेखी नोटीस पाठवल्यावर त्याने दुरुस्तीचे 9,500 रुपये परत केले. मूळ कामाबाबत मात्र तो 'तोंडी ठरलं होतं' म्हणतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते आणि वस्तू किंवा कामासाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीचा मसुदा तयार आहे आणि 0.50 व 0.15 मिलिमीटरचे ते दोन तुकडे तारखेसह एका पाकिटात बंद करून त्याला जोडले आहेत.