उद्गम पोर्टल : आत्याची ठेव सापडली, पुढचे काम शाखेत

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू केलेले 'उद्गम' हे पोर्टल आपले काम चोख करते. मात्र ते काम ठेव शोधून देण्याचे आहे, पैसे परत करण्याचे नाही, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील आणि मुदत संपूनही दहा वर्षे न उचललेल्या ठेवींची रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करावी लागते. वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही, पण गेलेल्या माणसाचे खाते कोणत्या बँकेत होते हेच घरात कोणाला ठाऊक नसेल, तर दावा करायचा कुठे? पूर्वी प्रत्येक बँकेची यादी निराळी चाळावी लागे. मार्च २०२४ पर्यंत ३० बँका या एका पोर्टलवर आल्या होत्या.

शोधासाठी खातेदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील लागतो. माझी अविवाहित आत्या जुन्या काळातली शिक्षिका. तिच्या खात्याला पॅन जोडलेला नव्हता. घरी तिचा वाढदिवस मार्गशीर्षात होत असे, त्या तारखेने काहीच मिळाले नाही. मग शाळेच्या दाखल्यावरची, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते तीच १ जून ही तारीख घातली आणि तिचे नाव संदर्भ क्रमांकासह समोर आले. ते नाव पडद्यावर वाचताना वडिलांना पुढे बोलवेना.

शाखेत मात्र आधी न्यायालयाचा वारस दाखला मागण्यात आला. वास्तविक नामनिर्देशन असेल तर तो लागत नाही. एका अधिकारी बाईंनी वडिलांना बसायला खुर्ची दिली, खाते उघडतानाचा जुना अर्ज काढवला आणि त्यावर आत्याच्या अक्षरात लिहिलेले भावाचे नाव दाखवले. त्यानंतर मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर काम झाले. दुःखातल्या माणसाला नियम ठाऊक असलेला आणि शांतपणे बोलणारा कर्मचारी भेटणे हा बँकेच्या सेवेचाच भाग आहे, असे मला मनापासून वाटते. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढणे बँकांवर बंधनकारक झाले आहे, हे दावा करणाऱ्याने आवर्जून सांगावे.

महाराष्ट्रापुरती एक मोठी उणीव राहते. आपल्याकडे अनेकांच्या ठेवी गावच्या पतसंस्थेत असतात, आणि पतसंस्था ही बँक नसल्याने त्या ठेवी या पोर्टलवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी घरातल्या पावत्या शोधून संस्थेच्या कार्यालयातच चौकशी करावी लागते.