दाढेतली कीड: एक्स-रे की उजेड?
जत्रेतलं खाजं, नाहीतर फणसपोळी. दोन दाढांच्या फटीत अडकते आणि कीड तिथेच लागते. आरशात काही दिसत नाही.

एक्स-रेत छोटी फिल्म चावून धरायची. कीड काळी उमटते, नसेपासून किती लांब तेही कळतं. पण साधारण 30-40 टक्के खनिज गेल्याशिवाय सुरुवातीचा डाग दिसतच नाही.

दुसरी वाट अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाची, 780 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची. दाताचं वरचं कठीण आवरण म्हणजे इनॅमल; ते निरोगी असेल तर त्यातून तो आरपार जातो, किडलेल्या जागी विखुरतो; पडद्यावर दात काचेसारखा दिसतो आणि त्यात काळी सावली. क्ष-किरण नाहीत, म्हणून पोरांसाठी मला हीच बरी वाटते. कीड आत किती उतरली, ते मात्र नीट सांगत नाही. तिथे एक्स-रेच काढा.

आणि तपासणीला खाजं खाऊन जाऊ नका, चूळ भरून जा.